पॉडकास्टचं होस्टिंग: एकदा पोळल्यावर

अंबाजोगाईत आईच्या जात्यावरच्या ओव्या रेकॉर्ड करून पॉडकास्ट सुरू केला. आधी पैसे भरून एका होस्टिंगवर (भागांच्या फायली ऑनलाइन ठेवायची जागा) होतो, नाव घेत नाही. ऐन दिवाळीत कार्ड चाललं नाही, हप्ता चुकला आणि जुने भाग गायब! आई म्हणाली, "माझ्या ओव्या कुठं गेल्या रं?" सोडताना जुन्या आरएसएस फीडवरून (ॲपना नवे भाग कळवणारी लिंक) नव्या फीडकडे 301 रिडायरेक्ट मागितलं, म्हणजे जुन्या पत्त्यावर येणारा आपोआप नव्याकडे जातो, तर दोन मेलला उत्तरच नाही. जुने श्रोते तिथंच सुटले. हप्ता चुकला तर भागांचं काय आणि सोडताना रिडायरेक्ट देता का, पैसे भरायच्या आधी हे एवढं विचारून घ्याच.

आता स्पॉटिफाय फॉर क्रिएटर्सवर आहे, म्हणजे पूर्वीचं अँकर. फुकट आहे. आरएसएस फीड चालू आहे का, ते मात्र सेटिंगमध्ये बघा. ॲपल पॉडकास्टला त्या फीडचीच लिंक द्यावी लागते.

ओव्यांना स्टिरिओची गरज नाही. 64 केबीपीएस (दर सेकंदाला लागणारा डेटा) मोनोत, म्हणजे एकाच चॅनेलच्या आवाजात, अर्ध्या तासाचा भाग साधारण 14 एमबी होतो, 128 मध्ये दुप्पट. लाइट गेली की वायफाय बंद, मग मोबाइलवरूनच चढवतो. जात्याची घरघर तेवढी नॉइज रिडक्शनमध्ये घालवू नका, मी पहिल्या भागात घालवली होती. मूळ फायली घरच्या हार्डडिस्कवर ठेवल्यात.