बेरीज-वजाबाकीसाठी काय घ्यावं: चिंचोके, माळ, काड्या की नोटा?

मूल पहिलीत जायच्या सुमारास पालक हमखास विचारतात, 'घरी गणितासाठी कोणतं साहित्य आणू?' माझं मत आधीच सांगते: वीसपर्यंतच्या संख्यांना गणितमाळ, त्यापुढे काड्यांचे गठ्ठे. चिंचोके आणि नोटाही उपयोगी आहेत, पण त्यांचं काम वेगळं.

चिंचोक्यांनी सुरुवात सोपी होते. पाचात तीन मिसळले की बेरीज, आठातून दोन उचलले की वजाबाकी. पण 8 + 5 आलं की मूल आठ मोजतं, पाच मोजतं, ढीग एक करतं आणि पुन्हा 'एक, दोन, तीन' पासून सुरू करतं. सुट्या वस्तूच फार दिवस वापरल्या तर ही सवय सुटता सुटत नाही. त्यापेक्षा चिंचोके उभे फोडा. एक बाजू पांढरी, एक तपकिरी. दहा फाका टाकल्या की सहा पांढऱ्या, चार तपकिरी. पुन्हा टाकल्या की सात-तीन. दहाच्या जोड्या खेळता खेळता पाठ होतात. घरात लहान भावंड असेल तर खेळ संपल्यावर चिंचोके मोजून डब्यात भरा, तोंडात जायला नकोत.

माळेत शंभर मणी असतात, दहा लाल, दहा पांढरे असे आळीपाळीने. कपडे वाळत घालायचा चिमटा आठव्या मण्यानंतर लावला की रंग बदलायला दोनच मणी उरलेत हे मुलाला दिसतं. दोन घेऊन दहा, आणखी तीन, तेरा! एकपासून मोजायची गरजच उरत नाही. वजाबाकीत तर माळेला तोड नाही. 'ताईकडे तेरा बोरं, तुझ्याकडे आठ, ताईकडे किती जास्त?' इथे कुणाचं काही काढून घ्यायचं नाहीये. वजाबाकी म्हणजे काढून टाकणं एवढंच शिकलेली मुलं अशा शाब्दिक उदाहरणांत अडतात. माळेवर दोन चिमटे लावले की मधले पाच मणी मोजता येतात. घरी माळ ओवणार असाल तर दोरा थोडा सैल ठेवा. मणी गच्च बसले तर चिमटा फटीत न बसता मण्यावरच बसतो आणि आठ की नऊ यावर वाद होतो.

32 − 17 ला मात्र माळ लांबलचक होते. इथे आइस्क्रीमच्या काड्या आणि रबर पुरे. दहा-दहा काड्यांचे तीन गठ्ठे, दोन सुट्या काड्या. दोनातून सात जात नाहीत, म्हणून मूल स्वतःच एका गठ्ठ्याचं रबर काढतं, बारा सुट्या होतात. सात काढल्या, एक गठ्ठा काढला. उरला एक गठ्ठा, पाच काड्या. दशक सुटा करणं ते हेच. प्लास्टिकचे तयार दशक-दांडे (एक दांडा म्हणजे दहा) मी दुसऱ्या क्रमांकावर ठेवते, कारण ते गठ्ठ्यासारखे सुटे करता येत नाहीत. एक देऊन दहा सुटे घ्यावे लागतात, आणि ही अदलाबदल सुरुवातीला मुलाला पटत नाही.

काड्यांचा आणखी एक फायदा. 'पंचेचाळीस' ऐकून 54 लिहिणारी मुलं पुष्कळ असतात, कारण कानावर पाच आधी पडतात. बालभारतीने 2019 मध्ये दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' असं वाचन दिलं, ते याच अडचणीपायी. त्यावर वाद झाला, पण अडचण खरीच आहे. दोन्ही संख्या काड्यांनी शेजारी शेजारी मांडा आणि पंचेचाळीस कुठले ते मुलाला ओळखू द्या.

खेळातल्या नोटांची घाई करू नका. दहाची नोट एकच्या नोटेच्या दहापट दिसत नाही, तिची किंमत मानून घ्यावी लागते. काड्यांनी दशक समजलं की मग दुकान-दुकान जरूर खेळा. आता घरची बरीचशी खरेदी फोनवरून होते, मोड परत घेणं मुलांना बघायलाच मिळत नाही. पन्नासची नोट देऊन छत्तीसचं सामान घेतलं तर 'छत्तीसला चार, चाळीस. आणि दहा, पन्नास' असं मोजत पैसे परत द्यायला लावा.