साखळी योजनेतून बाहेर पडताना मैत्रीण कशी राखली

साखळी पद्धतीच्या विक्री योजनेत, म्हणजे माल घेऊन सभासद झालेला प्रत्येक जण आपल्याखाली नवे सभासद जोडत जातो अशा योजनेत, ज्याचे पैसे अडकतात तो सहसा कंपनीशी भांडत नाही. तो भांडतो आपल्याला तिथे नेणाऱ्या मित्राशी, नणंदेशी किंवा शेजाऱ्याशी. योजनेची मांडणीच तशी असते. कंपनीचे कार्यालय कोणत्या गावी आहे हे बहुतेकांना सांगता येत नाही, पण आपल्याच दिवाणखान्यात बसून ज्याने आपल्याकडून फॉर्म भरून घेतला तो माणूस लग्नाकार्यात, सोसायटीच्या सभेत, रेल्वेच्या फलाटावर सतत भेटत राहतो. त्याच्याकडे पैसे मागितले की तो आधी ओशाळतो, मग टाळतो आणि शेवटी चिडतो. ठाण्यात आणि नवी मुंबईत अशी तुटलेली नाती मी बरीच पाहिली आहेत. माझे पैसे मला पूर्ण परत मिळाले नाहीत, मैत्रीण मात्र टिकली. फसवणूक नेमकी कुठे होते आणि बाहेर पडताना काय सांभाळावे लागते, हे इतरांना वेळेत कळावे म्हणून हा अनुभव लिहीत आहे. कंपनीचे आणि मैत्रिणीचे नाव मुद्दाम दिलेले नाही.

मी कोपरखैरण्यात राहते आणि ऐरोलीतील एका कंपनीत हिशेबाचे काम करते. मैत्रीण आणि मी ठाण्याला नौपाड्यातील एकाच शाळेत शिकलो; लग्नानंतर ती घोडबंदर रस्त्याला कासारवडवलीत राहायला गेली. तिच्या यजमानांची नोकरी गेली, घराचा हप्ता चालूच होता आणि त्याच सुमारास तिच्या इमारतीतील एका ओळखीच्या बाईंनी तिला या योजनेत आणले. मला तिने एवढेच सांगितले की एका कामासंबंधी भेटायचे आहे, फोनवर बोलण्यासारखे नाही. आज मी कोणालाही सांगेन की कामाचे स्वरूप आधी सांगायला नकार मिळत असेल, तर ज्याच्यावर आपला विश्वास आहे अशा माणसालाही तो विषय फोनवरच विचारून घ्यावा. न सांगण्याची ही युक्ती तिची नव्हती, तिला तसे शिकवले गेले होते.

वाशीतील एका हॉटेलच्या सभागृहात जो कार्यक्रम झाला, त्याचे वर्णन फार करण्याची गरज नाही, कारण असे सगळे कार्यक्रम सारखेच असतात. मे महिन्याच्या उकाड्यात कोट-टाय घालून आलेले ‘सीनियर’, म्हणजे साखळीत वरच्या पातळीवरचे सभासद, पडद्यावर गाड्यांची आणि परदेशवारीची छायाचित्रे, नोकरी करणाऱ्यांची थट्टा, आणि शेवटी ओळखीच्या शंभर नावांची यादी करण्याचा आग्रह. त्यात एक सूचना मात्र मला तेव्हाच खटकली होती : जो कोणी योजनेविषयी शंका घेईल त्याला ‘निगेटिव्ह’ समजावे आणि काही काळ त्याच्यापासून लांब राहावे. पुढे मैत्री तुटण्याची सोय तिथेच, पहिल्या दिवशीच करून ठेवलेली असते.

अठरा हजार रुपयांचा संच घेतला की सभासदत्व मिळते, असे योजनेचे स्वरूप होते. संचात प्रथिनांची पावडर, काही गोळ्या आणि सौंदर्यप्रसाधने होती. वाशीच्या औषधाच्या दुकानात नामांकित कंपन्यांची तशीच पावडर साधारण निम्म्या किमतीत मिळत होती. ‘आमच्याकडे जॉइनिंग फी नाही’ हे वाक्य व्यासपीठावरून वारंवार सांगितले जात होते आणि त्याला कारण होते. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये केंद्र सरकारने डिसेंबर २०२१मध्ये थेट विक्रीसाठी जे नियम लागू केले, त्यांनुसार प्रवेश शुल्क किंवा नोंदणी शुल्क घेता येत नाही, आणि माणसे जोडण्याबद्दल लाभ देणाऱ्या पिरॅमिड योजना चालवण्यास मनाई आहे. म्हणून प्रवेश शुल्काला वस्तूंच्या बिलाचे रूप दिले जाते. बिल पाहणाऱ्याला खरेदी दिसते. पैसे देणाऱ्याने मात्र ती पावडर एरवी कधीच घेतली नसती. कोणतीही योजना तपासताना मी आता एकच प्रश्न विचारते : खाली एकही सभासद न जोडता, केवळ बाहेरच्या ग्राहकाला ही वस्तू विकून कोणी पैसे मिळवते आहे का? आमच्या गटात बाहेरचा ग्राहक म्हणून कोणी अस्तित्वातच नव्हता. माल घेणारा प्रत्येक जण सभासद होता.

हिशेबाच्या माणसाला दुसरी गोष्ट कागदावर लगेच दिसते. योजना डाव्या-उजव्या ‘लेग’ची होती, म्हणजे प्रत्येकाने आपल्याखाली दोन माणसे बसवायची आणि दोन्ही बाजूंची खरेदी जुळली की ‘मॅचिंग’चे पैसे मिळायचे. एका माणसाखाली दोन, त्यांच्याखाली चार, असे मोजत गेल्यास विसाव्या पातळीवरच १०,४८,५७६ माणसे लागतात आणि वरच्या सर्वांसह बेरीज जवळपास २१ लाखांवर जाते. २०११च्या जनगणनेत नवी मुंबई महापालिकेची लोकसंख्या सुमारे ११ लाख होती. याहून महत्त्वाची बाब अशी की अशी साखळी कोणत्याही पातळीवर थांबवून मोजली तरी निम्म्याहून अधिक सभासद तळाच्या ओळीत असतात आणि त्यांच्याखाली कोणीही नसते. त्यांना ‘तुम्ही मेहनत कमी केली’ असे सांगितले जाते, पण त्यांनी कितीही मेहनत केली तरी नवा तळ तयार होतो आणि तितकीच किंवा अधिक माणसे तिथे जाऊन बसतात.

मी कोणालाही माझ्याखाली आणले नाही. मला बाहेरच पडायचे होते, आणि इथे मुख्य फसवणूक समोर आली. थेट विक्रीच्या त्याच नियमांनुसार कंपनीने थेट विक्रेत्याला, म्हणजे माझ्यासारख्या सभासदाला, करार रद्द करण्यासाठी ठरावीक मुदत द्यावी लागते, ज्यात दंड न भरता बाहेर पडता येते. ती किती दिवसांची आहे हे करारात पाहायचे असते. माझा करार कागदावर नव्हताच. मोबाइलवर आलेला ओटीपी मैत्रिणीच्या ‘सीनियर’ बाईंनी वाशीच्या सभागृहातच विचारून घेतला होता आणि तोच माझी संमती ठरला होता. मुदत त्या दिवसापासून मोजली गेली, खोकी मात्र ती संपत आल्यावर घरी पोहोचली, आणि सील उघडलेला माल परत घेणार नाही अशी अट बिलाच्या मागे बारीक अक्षरात छापलेली होती. ‘वापरून पाहा, अनुभव सांगा’ असा आग्रह जे लोक रोज व्हॉट्सॲपवर करत होते, त्यांना ही अट ठाऊक असणारच. म्हणून ओटीपी कोणालाही सांगू नये, कराराची प्रत आपल्या ईमेलवर आल्याशिवाय पैसे देऊ नयेत, आणि खोके आले की उघडण्यापूर्वी त्याचे व बिलाचे छायाचित्र काढावे.

मी माल परत करणार असे मैत्रिणीला सांगितले, तेव्हा तिचा चेहरा पडला. त्याचे कारण मला तिच्याकडूनच कळले आणि ते ऐकल्यावर पुढचे सगळे मार्ग बदलले. सभासदाने माल परत केला की त्या विक्रीवर वरच्यांना मिळालेले कमिशन कंपनी त्यांच्या खात्यातून वळते करून घेते. माझ्या अठरा हजारांतून तिच्या वाट्याला दोन हजारांच्या आसपास रक्कम आली होती. बाकीचे पैसे कंपनीकडे आणि तिच्या वरच्या साखळीत गेले होते. ते दोन हजारही तिने महिनाअखेरीस स्वतःची पात्रता टिकवण्यासाठी माल घेण्यात घातले होते. तिच्या घरी दिवाणाखाली आणि गॅलरीत न उघडलेली खोकी रचलेली मी पाहिली. माझ्यापेक्षा कितीतरी मोठी रक्कम तिची अडकलेली होती.

‘अगं, या महिन्याचं क्लोजिंग होऊ दे, मग कर परत. आत्ता केलंस तर माझी लेव्हल जाईल,’ ती म्हणाली. (क्लोजिंग म्हणजे महिनाअखेरचा हिशेब, लेव्हल म्हणजे साखळीतील पायरी.) ‘क्लोजिंगपर्यंत थांबले तर माझी मुदत जाईल, आणि मुदत गेली की मी पैसे कोणाकडे मागायचे? तुझ्याकडे? तुझ्याकडे मला मागायचे नाहीत,’ असे मी तिला सांगितले. तिला ते आवडले नाही, पण समजले. बाहेर पडणाऱ्यांपैकी बहुतेक जण याच ठिकाणी मैत्रीसाठी म्हणून थांबतात, मुदत घालवतात, आणि पुढे त्या पैशांचा राग मैत्रिणीवरच काढतात. त्यापेक्षा त्या क्षणीची नाराजी पत्करलेली बरी. मी माझ्याकडून दोन गोष्टी पाळल्या : कंपनीला पत्र पाठवण्याआधी तिला समोरासमोर सांगितले, आणि अठरा हजारांपैकी एक रुपयाही तिच्याकडे मागितला नाही. जे पैसे तिला मिळालेच नाहीत, ते तिने द्यावेत असे म्हणणे हिशेबाच्या दृष्टीनेही चूक आहे.

त्या संध्याकाळी मी तिला योजना कशी खोटी आहे हे पटवण्याचा प्रयत्न केला नाही. सभांमध्ये प्रत्येक आक्षेपाचे उत्तर पाठ करून घेतलेले असते. वाद घातला की ती मैत्रीण म्हणून बोलायची थांबून योजनेची प्रतिनिधी म्हणून बोलू लागे. तिला मी फक्त एक वही दिली आणि तारीखवार तीन रकाने भरायला सांगितले : कंपनीकडून खात्यात आलेले पैसे, कंपनीला दिलेले पैसे, आणि सभागृहाची तिकिटे, प्रवास, मोबाइल रिचार्ज यांचा खर्च. यजमानांची नोकरी गेलेली असताना घरात येणारा प्रत्येक रुपया तिला मोजायचाच होता, त्यामुळे वही तिने नाकारली नाही.

कायद्याची एक बाब मात्र तिला स्पष्ट सांगितली, कारण ती तिच्याच सुरक्षिततेची होती. १९७८च्या प्राइझ चिट्स अँड मनी सर्क्युलेशन स्कीम्स (बॅनिंग) कायद्यानुसार पैसा फिरवणारी योजना, म्हणजे नवे सभासद जोडण्यावर झटपट पैसे देऊ करणारी योजना, चालवणे हा जसा गुन्हा आहे, तसेच अशा योजनेत सभासद होणे आणि तिचा प्रसार करणे हेही निषिद्ध आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंतच्या कैदेची असू शकते. एखादी कंपनी त्या व्याख्येत बसते की नाही हे न्यायालय ठरवते, पण ते ठरेपर्यंत पोलिसांच्या चौकशीत पहिली नावे स्थानिक गटप्रमुखांचीच येतात, कारण तक्रारदाराला तेवढीच नावे माहीत असतात. आपल्या पुतण्याला आणि घरकाम करणाऱ्या मावशींना साखळीत घेण्याचा तिचा बेत त्यानंतर मागे पडला.

माझे पत्र ईमेलने कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला गेले आणि त्याचीच प्रत नोंदणीकृत टपालाने बिलावरील पत्त्यावर गेली. पत्रात सभासदत्व रद्द करावे, न उघडलेला माल परत घ्यावा, माझा आधार व पॅन यांचा पुढे वापर करू नये, आणि माझ्या नावावर कोणतीही मासिक मागणी नोंदवू नये, इतकेच लिहिले. मैत्रिणीचा उल्लेख कुठेही केला नाही, कारण करार माझा आणि कंपनीचा होता. नियमांनुसार तक्रार मिळाल्याची पोच ४८ कामकाजाच्या तासांत द्यावी लागते आणि निवारण साधारणपणे एका महिन्यात करावे लागते. पोच आली नाही, म्हणून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवली. त्यानंतर कंपनीकडून फोन आला. सील न उघडलेल्या मालाचे पैसे, वाहतूक आणि ‘प्रशासकीय शुल्क’ कापून, परत मिळाले. मी उघडलेला डबा आणि प्रसाधने त्यांनी घेतली नाहीत. त्या कपातीविरुद्ध ग्राहक आयोगात जाता आले असते, पण रकमेच्या मानाने तो खटाटोप मला नको होता.

याच काळात मैत्रिणीच्या ‘सीनियर’ बाईंनी तिच्यावर दबाव आणला की मला व्हॉट्सॲप गटातून काढावे आणि माझ्याशी बोलणे थांबवावे. गटातून मी आधीच, कोणताही निरोप न लिहिता बाहेर पडले होते. जाताना सर्वांसमोर योजनेचा पंचनामा करण्याचा मोह अनेकांना होतो. मी तो टाळला, कारण त्या गटात मैत्रिणीची सासू, जाऊ आणि शेजारी होते आणि त्यांच्यासमोर तिची मान खाली गेली असती. त्यांच्यापैकी ज्या दोघींनी मला नंतर स्वतःहून विचारले, त्यांना पत्राचा मसुदा आणि हेल्पलाइनचा क्रमांक दिला. आणि हे दिले आहे, असे मैत्रिणीलाही कळवले, म्हणजे तिला ते तिसऱ्याकडून कळण्याचा प्रश्न उरला नाही.

तिचा आणि माझा करार असा झाला की भेटल्यावर या विषयावर ती बोलणार नाही आणि मीही नाही. विचारायचे असेल तर तिने विचारावे. मधले काही महिने आमचे बोलणे तुटक होते. मग तिच्या यजमानांना भिवंडीच्या एका गोदामात काम मिळाले, तेव्हा तिने महिन्याची ठरलेली खरेदी बंद केली. ती योजनेतून रीतसर बाहेर पडलेली नाही आणि तिच्याकडील खोक्यांची परतीची मुदत केव्हाच संपली आहे.

बाहेर पडलेल्यांनी आणखी एक तपासणी करावी. आयकर विभागाच्या पोर्टलवर फॉर्म २६एएस या नावाने ओळखले जाणारे आपले करविवरण उघडून आपल्या पॅनवर त्या कंपनीने कमिशन दाखवून टीडीएस (आधीच कापलेला कर) भरला आहे का, ते पाहावे. रद्द केलेल्या आयडीवर दुसऱ्याची खरेदी टाकून ‘लेग’ जुळवण्याचे प्रकार होतात, आणि न मिळालेले उत्पन्न आपल्या नावावर दिसू शकते. तशी नोंद आढळल्यास कंपनीला लगेच लेखी हरकत कळवावी आणि विवरणपत्र भरण्यापूर्वी ती दुरुस्त करून घ्यावी.