थंडरबर्ड की मट? लिनक्सवर मेल कशात लावायचा

मामेभावाने जुन्या लॅपटॉपवर डेबियन (लिनक्सचाच एक प्रकार) टाकलं आणि विचारलं, दादा, मेलसाठी थंडरबर्ड घेऊ की मट? थंडरबर्ड म्हणजे माउसने चालणारा, खिडकीतला मेल प्रोग्राम, आणि मट टर्मिनलमधला, म्हणजे फक्त अक्षरं दिसणाऱ्या, कमांड टाइप करायच्या खिडकीतला. दोन्ही वर्षानुवर्षं वापरलेत म्हणून सांगतो.

सेटअपमध्ये थंडरबर्ड सरळ पुढे. नाव, पत्ता टाकला की आयमॅपचा (मेल सर्व्हरवरच ठेवून वाचायची पद्धत) सर्व्हर, त्याचा ९९३ हा पोर्ट क्रमांक वगैरे बहुतेक वेळा तो स्वतःच शोधतो, जीमेल असेल तर लॉगिनची खिडकी उघडते आणि पाच मिनिटांत काम होतं. मटला सेटिंगची फाईल हाताने लिहायची, सर्व्हर, पोर्ट, फोल्डर सगळं, शिवाय जीमेलसाठी टू-स्टेप (दोन टप्प्यांचं लॉगिन) चालू करून १६ अक्षरी ॲप पासवर्ड (फक्त त्या प्रोग्रामपुरता वेगळा पासवर्ड) काढणं हाच त्यातल्या त्यात सोपा रस्ता, माझी पहिली अख्खी संध्याकाळ यात गेली.

पण २ जीबी रॅमवर थंडरबर्डला धाप लागते, आणि मट टर्मिनलमध्ये चटकन उघडतो, एसएसएचवरूनही, म्हणजे दुसऱ्या मशीनवरून दुरून लॉगिन करूनही चालतो.

आता मराठीचं. बऱ्याच टर्मिनलमध्ये जोडाक्षरं फुटतात, वेलांटी भलतीकडेच दिसते. आईचा मेल मटमध्ये उघडला तर 'प्रिय' शब्दच नीट वाचता येईना, मला फार वाईट वाटलं. थंडरबर्डमध्ये ही अडचण कधीच आली नाही.

बॅकअप दोन्हीकडे सोपा, थंडरबर्डचं प्रोफाइल फोल्डर कॉपी करा, मटची सेटिंगची ती एक फाईल.

घरचे, ऑफिसचे मेल, अटॅचमेंट, फोटो असतील तर थंडरबर्डच घे. दिवसभर टर्मिनलमध्येच असशील, मेलिंग लिस्ट वाचायच्या असतील, मशीन अगदीच कमजोर असेल तर मट.