वरच्या मजल्यावरचा शॉवर ट्रे: एक पावसाळा आणि एक हिवाळा वापरल्यावर

आधी निकाल सांगते. शॉवर ट्रे, म्हणजे शॉवरखाली जमिनीवर बसवायचा कडा असलेला उथळ तयार तळ, चांगला आहे, ठेवणार आहे. पण आमची गळती ट्रेनं थांबलेली नाही, ट्रेच्या खाली जे काम करून घेतलं त्यानं थांबली. दुकानात मात्र 'ट्रे लगा लो मॅडम, वॉटरप्रूफिंग की झंझट खतम' असंच ऐकवतात. ते कानाआड करा.

आमचं घर इंदूरच्या रामबागेत, जुनं. वरची न्हाणी नेमकी देवघरावर येते आणि देवघराच्या छताला कायम ओल, पोपडे. वरच्या फरश्या उखडल्या तेव्हा खालचा विटांच्या तुकड्यांचा भराव ओलाचिंब निघाला. सांध्यांतलं साधं सिमेंट पाणी पितं, तेच पाणी खाली उतरून नहाणी ट्रॅपच्या (न्हाणीतलं पाणी जमिनीतून बाहेर नेणाऱ्या तोंडाच्या) पाइपाशेजारून वाट काढत होतं. हा ओला भराव सगळा काढायला लावा. त्यावरच नवं काम केलं, तर आत कोंडलेलं पाणी पुढे कित्येक महिने छतातून झिरपत राहतं आणि नवं काम फसलं असं वाटतं.

स्लॅब सुकल्यावर भिंत आणि जमीन मिळते तिथे सिमेंटचा गोला, म्हणजे कोपरा बुजवणारी गोलसर कड, करून घेतला. पाइपाभोवती आणि कोपऱ्यांत जाळीची पट्टी, वर पावडर आणि द्रव मिसळून लावतात त्या वॉटरप्रूफिंगचे दोन हात, पहिला आडवा तर दुसरा उभा. शॉवरच्या भिंतींवर हे सहा फुटांपर्यंत नेलं, बाकी भिंतींना फूटभर. मग ट्रॅपचं तोंड बंद करून पाणी भरून ठेवलं, पूर्ण ४८ तास. मिस्त्रीला दुसऱ्याच दिवशी फरशी लावायची घाई होती. त्याला चहा पाजला, पण पाणी सोडू दिलं नाही. खाली देवघरात टॉर्च मारून छत पाहिलं, कोरडं होतं, तेव्हा पुढचं काम.

ट्रे ॲक्रिलिकचा, ९०० बाय ९०० मिलिमीटर. खरी वादावादी झाली ती तो बसवताना. मिस्त्रीचं म्हणणं, 'चार कोने टिका दो, बीच में क्या रखा है.' मधेच तर सगळं आहे! खाली पोकळी राहिली की माणूस उभा राहिल्यावर ॲक्रिलिक किंचित दबतं, पाय काढला की वर येतं, आणि रोजच्या या हालचालीनं भिंतीकडचं सिलिकॉन सुटतं. एक भाग सिमेंट, पाच भाग रेती असा माल पसरून संपूर्ण तळ त्यावर टेकवला. ट्रेच्या कडा मात्र पाणसळीत हव्यात. ढाळ ट्रेच्या आतच दिलेला असतो, वेगळा द्यायला गेलात तर एका कोपऱ्यात पाणी साचतं.

ट्रे आधी, भिंतीची टाइल नंतर. टाइल ट्रेच्या उभ्या कडेवर उतरते, खाली तीनेक मिलिमीटरची फट सोडायची आणि ती सिमेंटनं न भरता बुरशीरोधक सिलिकॉननं भरायची. सिलिकॉन भरताना ट्रेमध्ये पाण्यानं भरलेल्या बादल्या ठेवल्या आणि ते सुकेपर्यंत, म्हणजे दुसऱ्या दिवसापर्यंत, तशाच राहू दिल्या. वजनानं फट जेवढी उघडायची तेवढी आधीच उघडते, नंतर ताण येत नाही.

आता वापराचं. पावसाळा गेला, देवघराचं छत कोरडं राहिलं, दिवाळीआधी रंगही देऊन झाला. न्हाणीची उरलेली फरशी कोरडी राहते, सकाळी घसरायची भीती नाही. ९० मिलिमीटरच्या निकासामुळे बादलीभर पाणी एकदम ओतलं तरी क्षणभर चढतं आणि उतरतं. पण बादली, स्टूल आणि माणूस असा संसार ९०० च्या चौकोनात अडचणीत येतो. जागा असेल तर १२०० बाय ९०० घ्या. स्टूलच्या पायांना रबरी टोप्या लावा, नाहीतर चरे पडतात. आमच्याकडे पडले आहेत.

नर्मदेचं पाणी इंदूरला १९७८ पासून येतंय, पण आमच्याकडे एक दिवसाआड, आणि मधल्या दिवशी बोरिंग. त्या जड पाण्याचे पांढरे डाग ट्रेवर चटकन दिसतात. पांढरा व्हिनेगर पाण्यात मिसळून दहा मिनिटं ठेवला की निघतात. कामवाल्या बाईंना ॲसिडची बाटली आणि तारेची घासणी या दोन्हींची बंदी केली आहे. शॅम्पूच्या बाटल्या ठेवतो त्या कोपऱ्यात सिलिकॉन काळं पडायला लागलंय. ते केव्हातरी खरवडून नवं भरावं लागेल. एका दुपारचं काम, आणि आतला थर शाबूत असल्यानं त्याची काळजी वाटत नाही.

ट्रॅप वरून उघडणाराच घ्या. आमच्या घरात लांब केसांच्या तीन बायका आहेत, महिन्यातून एकदा तरी तो काढून धुवावा लागतो. खालून उघडणारा असता तर त्यासाठी ट्रेच फोडावा लागला असता.

खालच्या न्हाणीत ट्रे बसवणार नाही. तिथं खाली कोणाचं छत नाही, आणि सासूबाईंना पाटावर बसून, पाय पसरून अंघोळ लागते. ट्रेची कड ओलांडणं त्यांना आता जमत नाही. तिथं कोटा फरशी आणि नीट ढाळ, एवढंच करून घेणार.