आहुप्याची देवराई: जा नक्की, पण पाहुण्यासारखे जा

एप्रिलच्या शेवटी फॅमिली आणि दोन मित्र असे आहुप्याला जाऊन आलो, त्याआधी एकदा पावसाळ्यात गेलेलो, म्हणून दोन्ही वेळचं मिळून लिहितोय. पुण्याहून मंचर, घोडेगाव, डिंभे आणि तिथून धरणाच्या पाण्याच्या कडेकडेने आत. (या जलाशयाला हुतात्मा बाबू गेनूंचं नाव आहे, ते याच आंबेगाव तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचे.) डिंभ्याच्या पुढे घाई करू नका, वळणं खूप आहेत आणि पेट्रोल घोडेगावलाच भरून घ्या.

गाव अगदी सह्याद्रीच्या कड्यावर, समोर उभा तुटलेला कडा आणि खाली कोकण, आहुपे घाटाने उतरलं की मुरबाडकडच्या खोपिवलीत. घोड नदी याच डोंगरात उगम पावते. वस्ती महादेव कोळी समाजाची. आम्ही गेलो तेव्हा अंगणाअंगणात बाळहिरडा (हिरड्याची कोवळी फळं, औषधाला जातात) वाळत घातलेला, या भागातल्या लोकांचं वर्षाचं रोख पैशाचं गणित बरंचसं या हिरड्यावर असतं.

आता देवराई, म्हणजे देवाच्या नावाने राखलेलं रान. इथलं भैरवनाथाचं. बाहेर ऊन नुसतं भाजत होतं आणि आत चार पावलं टाकली की एकदम गार, डोळ्यांना अंधाराची सवय व्हायलाच मिनिटभर लागतं. चपला बाहेर काढल्या. पाचोळा इतका की पाय घोट्याच्या वर आत जातो, वरचा थर कुरकुरीत आणि खाली हात घातला तर काळा, ओलसर, मातीच झालेला, तेही भर उन्हाळ्यात! पावसाचं पाणी हाच पाचोळा धरून ठेवतो. आणि गारंबीचा वेल! त्याला वेल म्हणायचं तरी कसं, अजगरासारखं जाडजूड खोड पीळ घेत या झाडावरून त्या झाडावर गेलंय, आणि वर शेंगा लटकतायत त्या हातभरापेक्षाही लांब. शेकरूचं घरटं दिसलं उंच फांदीच्या बेचक्यात, शेकरू काही दिसला नाही, फक्त आवाज आला दोनदा. मुलगा अर्धा तास मान वर करून उभा होता, मी त्याला हलवलं नाही.

मुख्य सांगायचंय ते पुढचं. आम्ही गाडीत दहा रोपं घेऊन गेलो होतो, वड, पिंपळ, कडुनिंब, मनात अगदी चांगला भाव होता की देवराईत लावू. गावातल्या एका बाबांनी रोपं बघितली आणि शांतपणे म्हणाले, "देवाच्या रानात आपण लावायचं नसतं दादा, तिथं त्याचं तो लावतो." मग त्यांनीच जागा दाखवली, आंब्याचं एक म्हातारं झाड पडलेलं होतं, आडवं, कुजत आलेलं, अळंब्या लागलेल्या, आणि वर उजेडाला भोक पडलेलं तिथे खाली वीतभर उंचीची कितीतरी रोपं आपोआप आलेली. पडलेलं झाडसुद्धा कुणी सरपणाला नेत नाही, फांदी नाही, पान नाही. ही राखण अशी पिढ्यानपिढ्या चालत आलीय. १९७० च्या दशकात वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. वा. द. वर्तक आणि पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी पश्चिम घाटातल्या देवरायांचा अभ्यास केला, तेव्हा जे जंगल बाहेर संपत आलेलं ते देवाच्या नावाने इथे उरलेलं होतं. आमची रोपं शेवटी बाबांनी घराच्या मागे बांधावर लावून घेतली.

त्याच दिवशी एक मोठा ग्रुप आला होता, स्वच्छता करायला म्हणून. प्लास्टिक उचललं ते उत्तमच, पण खराटे घेऊन देवळाभोवतीचा पाचोळा पण झाडून ढीग केले आणि पेटवायला निघाले! भर एप्रिलमध्ये!! गावातली एक मावशी धावत आली म्हणून थांबले. मला खरंच वाईट वाटलं, कारण त्यांचा हेतू वाईट नव्हता, कुणी सांगितलंच नव्हतं त्यांना. म्हणून मी सांगतो: बाटल्या, वेफर्सची पाकिटं, अगरबत्तीची वेष्टनं, नारळाच्या प्लास्टिक पिशव्या हे सगळं उचला आणि आपल्या गाडीतून परत घोडेगावपर्यंत न्या, पाचोळ्याला हात लावू नका. स्पीकर नको. आत जायच्या आधी गावात विचारा आणि गावातलंच कुणीतरी सोबत घ्या, त्यांना चार पैसे मिळतात आणि आपल्याला झाडांची नावं कळतात. देणगी द्यायची इच्छा असेल तर फरशी-पेव्हर ब्लॉकसाठी देऊ नका प्लीज, देवळाभोवती सिमेंट झालं की जुन्या झाडांच्या मुळांचा श्वास कोंडतो.

जेवण एका घरी सांगून केलं, नाचणीची भाकरी, पिठलं, ठेचा, आधी फोन केला तरच होतं. पावसाळ्यात जळवा असतात आणि धुक्यात कड्याच्या जवळ अजिबात जाऊ नका.

पाचपैकी पाच स्टार. निघताना मुलाच्या खिशात गारंबीची एक बी सापडली, चपटी, तपकिरी, घासल्यासारखी चकचकीत. मी काही बोलायच्या आत तोच परत गेला आणि वेलाखाली ठेवून आला, वर थोडा पाचोळा पण ओढला.