नंदगडची शिवारवाट: आईसोबत चालून आल्यावर

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरजवळच्या नंदगडला, वाटाड्यासोबत शेतांतून चालायच्या या फेरीला गुडघे दुखणाऱ्या 68 वर्षांच्या आईला घेऊन गेलो होतो, म्हणून आधी वाटेबद्दल सांगतो. चढ नाहीच म्हटलं तरी चालेल. कापणी झालेल्या भाताची शेतं, मधे बांध, लाल माती. दवामुळे बांध निसरडे असतात, तेव्हा चप्पल नको, बूट घाला.

वाट दाखवणारा खानापूरचाच तरुण. कित्तूरच्या राणी चन्नम्माचा शूर लढवय्या संगोळ्ळी रायण्णा, त्याला इंग्रजांनी 26 जानेवारी 1831 ला इथे नंदगडला फाशी दिली, हे आम्ही शाळेत वाचलेलं. पण 1824 ला कित्तूरच्या लढाईत इंग्रज अधिकारी थॅकरे पडला, डिसेंबरात किल्ला इंग्रजांकडे गेला, राणी चन्नम्मा बैलहोंगलला कैदेत 1829 मध्ये वारली, आणि त्या मधल्या काळातून रायण्णाचा गनिमी लढा कसा उभा राहिला, हे त्यानं चालता चालता सांगितलं. कचेऱ्या जाळल्या, खजिने लुटले, शेवटी आपल्याच माणसांनी दगा दिला. रायण्णाच्या आठवणीशी जोडलेल्या वडाखाली आई बराच वेळ हात जोडून उभी होती. तिथल्या एका आजीबाईंनी कानडीत काहीतरी विचारलं, आईनं मराठीत उत्तर दिलं, आणि दोघींचं छान जमलं.

नाश्त्याचे पोहे गार होते आणि पाणी कमी पडलं, ते फेरीच्या आयोजकांनी सुधारायलाच हवं. वयस्कर माणसं येतात तर मधे बसायला एखादी सतरंजीही हवी.

गर्दी नको असेल तर 26 जानेवारी सोडून जा. आम्ही पुढच्या महिन्यात कित्तूरला जाणार, आईनंच ठरवलंय.