दादरचा बारावी मॅथ्सचा क्लास: लॉजिकसाठी तरी नक्की लावा

स्टेट बोर्डाच्या बारावी मॅथ्सचा पहिलाच चॅप्टर मॅथेमॅटिकल लॉजिक, आणि बऱ्याच ठिकाणी तो "टेबलं पाठ करा, मार्क फिक्स" म्हणून उडवतात. इथल्या मॅडम तसं करत नाहीत, म्हणून हा रिव्ह्यू.

त्यांनी फळ्यावर एकच वाक्य लिहिलं, चर्चगेटहून सुटलेली गाडी विरार फास्ट असेल तर ती दादरला थांबते. मग कॉन्व्हर्स, म्हणजे दोन भागांची अदलाबदल, दादरला थांबली तर ती विरार फास्ट. लगेच मागून कोणीतरी ओरडलं, बोरिवली स्लो पण थांबते की! पडला कॉन्व्हर्स. इन्व्हर्स म्हणजे विरार फास्ट नसेल तर दादरला थांबत नाही, तोही त्याच बोरिवली स्लोने पडला, आणि पडणारच, कारण इन्व्हर्स हा कॉन्व्हर्सचाच कॉन्ट्रापॉझिटिव्ह (दोन भागांची अदलाबदल करून दोन्हींना 'नाही' लावलेलं वाक्य), दोघं खरे तरी एकत्र नाहीतर खोटे तरी एकत्र. मूळ वाक्याचा कॉन्ट्रापॉझिटिव्ह मात्र टिकला, दादरला थांबली नाही तर ती विरार फास्ट नाहीच. ट्रुथ टेबल, म्हणजे खरं-खोट्याचा तक्ता, मांडलं तर मूळ वाक्य आणि कॉन्ट्रापॉझिटिव्ह दोन्हींचे कॉलम सेम, टी एफ टी टी (टी म्हणजे खरं, एफ म्हणजे खोटं).

सगळ्यांचं अडतं ते पी (वाक्याचा 'जर' भाग, 'तर' भाग म्हणजे क्यू) खोटा असताना इम्प्लिकेशन, म्हणजे अख्खं जर-तर वाक्य, खरं कसं यावर. मॅडम म्हणाल्या, बाबांनी सांगितलं ९० टक्के पडले तर बाईक, तुला पडले ८५, आता बाईक घेतली काय न घेतली काय, बाबांनी शब्द मोडला म्हणशील का? मोडतो फक्त एका ओळीत, ९० पडूनही बाईक नाही. आणि तीच ओळ म्हणजे निगेशन, वाक्याचा नकार, पी अँड नॉट क्यू, तिथे परत इफ-देन लिहिलंत की उत्तर गेलं.

मला सगळ्यात भारी वाटलं ते न्यायशास्त्रातलं (कायद्याचं नाही, आपल्या जुन्या न्याय दर्शनाच्या तर्कशास्त्रातलं) उदाहरण. जिथे धूर तिथे अग्नी, पण तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो, म्हणजे कॉन्व्हर्स चालत नाही हे आपल्या नैयायिकांनी केव्हाच सांगून ठेवलंय! हे खरं तर पुस्तकातच हवं.

कमी पडतं ते 'ओन्ली इफ' आणि 'अनलेस'मध्ये, ते फारच घाईत झालं. 'पी ओन्ली इफ क्यू' म्हणजे पी इम्प्लाइज क्यू, बाण उलटा नाही, एवढ्यावर अर्धा तास तरी द्यायला हवा होता. बॅचही मोठी आहे, मागून फळ्याचा खालचा भाग दिसत नाही, तेव्हा लवकर जाऊन पुढची जागा पकडा आणि डेमो मागितलात तर लॉजिकचाच मागा.